गृहशास्त्र, पाहुणे आणि श्रमनिद्रा

गृहव्यवस्थापनाच्या क्रमिक पुस्तकांतून या विषयाची जी व्याख्या दिली जाते तिचा सारांश असा की, कुटुंबाजवळ असलेल्या साधनांचे नियोजन करणे, त्यांच्या वापरावर नियंत्रण ठेवणे आणि शेवटी झालेल्या कामाचे मूल्यमापन करणे या तीन पायऱ्यांनी कुटुंबाची ध्येये गाठणे म्हणजे गृहव्यवस्थापन होय. व्याख्या निर्दोष आहे, पाठ करायला सोपी आहे आणि परीक्षेत हमखास विचारली जाते. तिच्यात उणीव एवढीच की, या पायऱ्या कोणी चढायच्या हे ती सांगत नाही. तुळजापूरसारख्या तीर्थाच्या गावी ही उणीव लोकव्यवहाराने भरून काढली असून तेथे नियोजन घरातली बाई करते, नियंत्रण पाहुण्यांच्या हाती असते आणि मूल्यमापन सासूबाई करतात. अशा गावात राहून ज्या मुली महाविद्यालयात शिकतात, मग त्या गावातल्याच असोत, आसपासच्या खेड्यांतून येऊन खोली करून राहिलेल्या असोत किंवा टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या तुळजापूर येथील परिसरात देशाच्या दुसऱ्या टोकाहून दाखल झालेल्या असोत, त्यांचा गृहशास्त्राचा खरा अभ्यास पुस्तकाबाहेरच अधिक होतो, आणि त्या अभ्यासाचे थोडे पद्धतशीर विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शास्त्राची वंशावळ थोर आहे. एलेन स्वॅलो रिचर्ड्स या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ बाईंच्या अध्यक्षतेखाली १८९९ साली लेक प्लॅसिड येथे एक परिषद भरली आणि तिच्यापासून पुढे गृहअर्थशास्त्र हा विषय विद्यापीठांच्या दारातून आत शिरला. आपल्याकडे महर्षी कर्वे यांचे महिला विद्यापीठ १९१६ साली निघाले, दिल्लीचे लेडी आयर्विन कॉलेज १९३२ साली, आणि मराठवाड्यात परभणीच्या कृषी विद्यापीठात १९७६ साली गृहविज्ञान महाविद्यालय सुरू झाले, जे आता सामुदायिक विज्ञान महाविद्यालय म्हणून ओळखले जाते. त्याच विद्यापीठाचे कृषी विज्ञान केंद्र तुळजापुरात आहे. आपल्याकडच्या या सर्व संस्थांच्या आधी, म्हणजे १९१० साली, लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ हे पुस्तक मराठीत प्रसिद्ध झाले होते. एका पुस्तकात हजार पाकक्रिया सापडत असूनही ‘आज भाजी काय करायची’ हा प्रश्न शंभरावर वर्षे दररोज सकाळी नव्याने विचारला जातो, यावरून माहिती आणि निर्णय या दोन भिन्न गोष्टी आहेत हा व्यवस्थापनशास्त्राचा सिद्धान्त आपोआप सिद्ध होतो.

अभ्यासक्रमात स्वयंपाकघराच्या रचनेचे प्रकरण येते तेव्हा विद्यार्थिनींची गाठ कार्यत्रिकोणाशी पडते. कार्यत्रिकोण म्हणजे शेगडी, भांडी धुण्याची जागा आणि शीतकपाट या तीन ठिकाणांना जोडणाऱ्या काल्पनिक रेषांनी बनणारी आकृती. तिची प्रत्येक बाजू चार ते नऊ फुटांच्या दरम्यान असावी, म्हणजे बाईची पायपीटही होत नाही आणि अडचणही होत नाही, असे पुस्तक सांगते. महाविद्यालयीन मुलींची भाड्याची खोली बहुधा दहा बाय दहाची असते. तिच्यात दाराला लागून मोरी, मोरीच्या कट्ट्याला टेकून पाच किलोच्या सिलिंडरवरची एकेरी शेगडी आणि शेगडीच्या वर खिडकी असते, आणि त्या खिडकीत दुधाचे पातेले थंड पाण्याच्या परातीत बसवून वर ओले फडके टाकलेले असते, जे शीतकपाटाचे काम निम्म्याहून अधिक दिवस बिनतक्रार करते. येथे त्रिकोणाच्या तिन्ही बाजू आक्रसून एका बिंदूत विलीन होतात, बसल्या जागेवरून हात तिन्हीकडे पोचतो आणि पायपिटीचे प्रमाण शून्यावर येते. इलिनॉय विद्यापीठात १९४०च्या दशकात ज्या संशोधनातून ही कल्पना पुढे आली, त्या संशोधकांना जे साधायचे होते ते घरमालकाने खर्च न करता साधले आहे, ही गोष्ट घरमालकाच्याही लक्षात आलेली दिसत नाही; अन्यथा त्याचे भाडे त्याने वेगळे लावले असते.

अशा खोलीतील मध्यवर्ती वस्तू म्हणजे पाण्याचे पिंप होय. ते झाकणासकट असावे, झाकण सपाट असावे आणि त्यावर एक माणूस बसला तरी दबू नये, हे तीन निकष मुली खरेदीच्या वेळी पाहतात, कारण सकाळी नळ येऊन गेल्यावर त्याच झाकणावर पोळपाट येतो, दुपारी वह्या येतात आणि संध्याकाळी मैत्रीण येते. गृहशास्त्रात एका साधनाचे अनेक उपयोग करण्याला साधनांचा बहुविध वापर म्हणतात. पाण्याच्या वापराची उतरंडही अशीच ठरलेली असते: तांदूळ धुतलेले पहिले पाणी पिठात किंवा कुंडीत, भाजी धुतलेले पाणी फरशीला, फरशी पुसलेले पाणी मोरीत आणि मोरीतून सुटलेले पाणी अंगणातल्या कडीपत्त्याला. एलेन रिचर्ड्स यांचे मूळ काम मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या पाण्याच्या रासायनिक तपासणीचे होते, म्हणजे या शास्त्राचा उगमच पाण्यापाशी आहे. परंतु शेजारच्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या टापूतल्या मुलीला पाण्याचे मोल समजावण्यासाठी प्रयोगशाळेची आवश्यकता उरत नाही.

याच संदर्भात शून्य ऊर्जा शीतकक्षाचा उल्लेख करणे उचित ठरेल. विटांच्या दोन भिंती उभारून त्यांच्यामधल्या फटीत वाळू भरावी, वाळू आणि विटा सकाळ-संध्याकाळ भिजवाव्यात, वर वाळ्याचे किंवा गवताचे झाकण घालावे आणि आत भाजी-फळे ठेवावीत, असे हे साधन असून पाण्याचे बाष्प होताना ते भोवतालची उष्णता ओढून घेते या तत्त्वावर ते वीज न वापरता चालते. ते उत्तम चालण्यासाठी हवा कोरडी लागते आणि बालाघाटाच्या माथ्यावरील या भागात चैत्र-वैशाखात कोरडी हवा अमर्याद उपलब्ध असते. दुसरी आवश्यक वस्तू पाणी, आणि नेमक्या त्याच दोन महिन्यांत ते नसते. त्यामुळे हा शीतकक्ष ज्या ऋतूत हवा असतो त्या ऋतूत भिजवता येत नाही आणि ज्या ऋतूत भिजवता येतो त्या ऋतूत तो आभाळच भिजवते. मुलींनी यावर काढलेला तोडगा असा की, भाजी रोज लागेल तेवढीच आणावी. आणि पुस्तकात नसला तरी हा तोडगा पूर्णपणे शास्त्रीय आहे, कारण साठवणुकीचा प्रश्न सोडवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग साठवण न करणे हाच असतो.

अंदाजपत्रकाच्या प्रकरणात अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाचा नियम शिकवला जातो. उत्पन्न वाढत गेले की अन्नावरील खर्चाचे एकूण खर्चाशी असलेले प्रमाण घटत जाते, असे त्याने १८५७ साली बेल्जियममधील कामगार कुटुंबांच्या हिशेबांवरून दाखवून दिले. कार्ल मार्क्सचे मित्र फ्रिडरिश एंगेल्स ते निराळे. उत्तरपत्रिकेत या दोघांची अदलाबदल झाल्यास किराणा मालाच्या यादीतून क्रांती उद्‌भवण्याचा संभव असतो. एंगेलचा नियम जगभर टिकला, मात्र तो मांडताना त्याने तीर्थक्षेत्री राहणाऱ्या कुटुंबाचा हिशेब तपासलेला दिसत नाही, कारण तुळजापुरात अन्नखर्च उत्पन्नावर नव्हे तर पंचांगावर अवलंबून असतो. शारदीय नवरात्र, कोजागरीची यात्रा आणि चैत्री पौर्णिमा या काळात, शिवाय मंगळवारी, शुक्रवारी आणि पौर्णिमेला, ज्यांचे नाते एरवी आठवायला वेळ लागतो असे आप्त देवीच्या ओढीने येतात आणि त्या ओढीत घराचा पत्ता त्यांना अचूक आठवतो.

पाहुण्यांच्या निरोपांची एक परिभाषा असून ती गृहशास्त्राच्या विद्यार्थिनीने अवगत करून घेतली पाहिजे. ‘आम्ही फक्त दर्शनाला येतोय, तुम्ही काही करू नका’ याचा अर्थ दुपारचे जेवण. ‘घरचंच साधं काहीतरी चालेल’ याचा अर्थ पुरणाचा स्वयंपाक, कारण देवीला नैवेद्य दाखवायचा असतो. ‘उभ्या उभ्या येऊन जातो’ याचा अर्थ मुक्काम. आणि ‘आमच्या हिला नऊ दिवसांचे उपवास आहेत, तिचं काहीच नाही’ याचा अर्थ भगर, शेंगदाण्याची आमटी, उकडलेली रताळी, राजगिऱ्याचे लाडू आणि संध्याकाळसाठी साबुदाणा भिजत घालणे. जेवणाऱ्या पाहुण्यापेक्षा उपवासाचा पाहुणा खर्चाला अधिक पडतो, हे तत्त्व कोणत्याही क्रमिक पुस्तकात आढळत नाही, परंतु ज्या मुलीने नवरात्रात मामाच्या घरी राहून प्रथम वर्षाच्या परीक्षेचा अभ्यास केला आहे तिला ते एंगेलच्या नियमाइतकेच पक्के ठाऊक असते. अंदाजपत्रकात ‘आकस्मिक खर्च’ असे एक कलम राखून ठेवावे असे शास्त्र सांगते. येथे त्या कलमात सगळे अंदाजपत्रक राखून ठेवावे लागते.

अशा प्रसंगी या मुलखातील घरांना जे साधन तारते ते येसर होय. ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ यांसारखे धान्य-कडधान्य खमंग भाजून, त्यात धने, जिरे, मिरची आणि गरम मसाला घालून दळलेले हे पीठ डब्यात महिनोन्‌महिने टिकते. फोडणी करून पाण्याला उकळी आली की, गार पाण्यात कालवलेले येसर त्यात सोडायचे, आणि घोटभर चहा होण्याच्या वेळात दहा माणसांची आमटी तयार होते. धान्य आधीच भाजलेले असल्याने ते शिजायला वेळ लागत नाही आणि पिष्टामुळे आमटीला दाटपणा येतो, एवढेच याचे शास्त्र आहे. शहरातील दुकानांतून आता जी ‘झटपट’ पाकिटे विकली जातात त्यांच्यामागचे तत्त्व हेच असून फरक इतकाच की, पाकिटावर कृती छापलेली असते आणि येसराची कृती फोनवरून आईला विचारावी लागते. आईच्या उत्तरात ‘अंदाजानं’, ‘लागेल तसं’ आणि ‘कळतंच की गं’ ही तीन मापे येतात. प्रमाणित पाककृती म्हणजे जिच्यात प्रत्येक जिन्नसाचे माप ठरलेले असते आणि कोणीही केली तरी चव सारखीच येते ती. १९७० साली आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याची मापे देऊन नव्याने संसार मांडणाऱ्या मुलींच्या पिढ्या सांभाळल्या, त्या याच कारणाने. तेव्हा मुलीने सुट्टीत घरी गेल्यावर आईच्या मुठीतले जिन्नस वाटीत ओतून एकदा मोजावेत आणि वहीत लिहून घ्यावेत, हा या लेखातील पहिला उघड उपदेश समजावा.

दुसरा उपदेश आहाराचा. धाराशिव, लातूर आणि सोलापूर या पट्ट्यात मार्गशीर्ष अमावास्येला वेळ अमावास्या, म्हणजे बोलीभाषेतली येळवस, साजरी होते. त्या दिवशी शेतात नेण्यासाठी आदल्या रात्रीपासून भज्जी, बाजरीचे उंडे, धपाटे, खीर आणि ज्वारीच्या पिठाचे ताकातले अंबील असा स्वयंपाक घराघरांत चालतो. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत, तर हिरवे वाटाणे, तुरीचे दाणे, हरभरा, पालेभाज्या आणि मिळतील त्या फळभाज्या बेसनात एकत्र शिजवलेली दाट भाजी होय. तृणधान्यांच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते आणि कडधान्यांच्या प्रथिनांत मेथिओनिन कमी असते. दोन्ही एकत्र खाल्ली की एकीची उणीव दुसरीने भरून निघते, आणि आहारशास्त्राच्या पेपरात ज्याला पूरक प्रथिने म्हणतात ती हीच. उंडा आणि भज्जी एका ताटात आले की हा प्रश्न लिहून झाला. जेवणानंतर लगेच चहा घेतल्यास पालेभाजीतले लोह अंगी लागण्यात अडथळा येतो आणि ताटात लिंबाची फोड असल्यास ते अधिक अंगी लागते, हेही त्याच पेपरात असते. पण वसतिगृहाच्या खाणावळीत लिंबू मागितले तर मिळत नाही आणि चहा न मागता मिळतो, त्यामुळे हे ज्ञान बहुधा उत्तरपत्रिकेपुरतेच उरते.

यानंतर या शास्त्रातल्या सर्वांत महत्त्वाच्या प्रकरणाकडे, म्हणजे कार्यसरलीकरणाकडे वळता येईल. कमीत कमी वेळात आणि शक्तीत अधिक काम उरकण्याच्या पद्धतीला कार्यसरलीकरण म्हणतात. ही पद्धत कारखान्यांतून घरात आली. लिलियन गिलब्रेथ या अभियांत्रिकी मानसशास्त्रातील विदुषीने, जिला बारा मुले झाली, कामगारांच्या हालचाली मोजण्याचे तंत्र स्वयंपाकघराला लावले. पायाने झाकण उघडणारी कचऱ्याची बादली हे तिच्याच नावावर मोडणारे साधन आहे. पुढे मार्विन मुंडेल या औद्योगिक अभियंत्याने काम सोपे करण्यासाठी करावयाच्या बदलांचे पाच वर्ग पाडले आणि भारतातील गृहव्यवस्थापनाची विद्यार्थिनी ते आजही पाठ करते: शरीराची ठेवण व हालचाली बदलणे, साधने व कामाची जागा बदलणे, कामाचा क्रम बदलणे, तयार होणारी वस्तू बदलणे आणि कच्चा माल बदलणे. उदाहरणार्थ, पोळ्या लाटण्याचे काम घेतले तर उभ्याने न लाटता बसून लाटणे हा पहिला बदल, तवा हाताशी घेणे हा दुसरा, सगळ्या लाट्या आधी करून ठेवणे हा तिसरा, पोळीऐवजी भात करणे हा चौथा आणि कणीक भिजवण्याऐवजी बाजारातून पाव आणणे हा पाचवा. यादी परिपूर्ण वाटते, आणि पोळ्या लाटणारी व्यक्ती पाचही वर्गांत तीच राहते हे तिच्यात कुठेही नोंदलेले नसते.

आता तुळजापुरातच एक असे घर आहे की ज्याचे व्यवस्थापन कोणत्याही क्रमिक पुस्तकापेक्षा चोख आहे, आणि ते म्हणजे साक्षात तुळजाभवानीचे. तेथे पहाटेचे चरणतीर्थ, सकाळ-संध्याकाळचे अभिषेक, नैवेद्य, आरती आणि रात्रीचे प्रक्षाळ असा दिनक्रम ठरलेला आहे. भोपे आणि पाळीकर पुजाऱ्यांपासून इतर सेवेकऱ्यांपर्यंत कोणी काय करायचे हे परंपरेने वाटून दिलेले आहे, इतके की दसऱ्याच्या सीमोल्लंघनासाठी पालखी नगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून येते आणि निद्रेचा पलंगही नगरकडूनच येतो. म्हणजे अंथरूण घालण्याचे कामसुद्धा दुसऱ्या जिल्ह्याकडे सोपवलेले आहे. पण खरी शिकण्यासारखी तरतूद विश्रांतीची आहे. देवीची मूर्ती चल असल्याने ती सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवता येते आणि वर्षातून तीन वेळा तशी निजवली जाते: नवरात्राच्या आधी भाद्रपद वद्य अष्टमीपासून घोरनिद्रा, दसऱ्यानंतर पौर्णिमेपर्यंत श्रमनिद्रा आणि पौषात शाकंभरी नवरात्राच्या आधी मोहनिद्रा, असे मिळून साधारण तीन आठवडे. यांपैकी श्रमनिद्रेमागील श्रद्धा अशी की, महिषासुराशी नऊ दिवस युद्ध करून देवी थकलेली असते. कामाचे स्वरूप, कामाचे दिवस, त्यातून येणारा थकवा आणि थकव्याच्या प्रमाणात रजा, अशी सांगड घालणारा हा नियम ज्यांनी कोणी बसवला त्यांना गृहव्यवस्थापनाचे मर्म कळलेले होते यात शंका नाही. त्याच नऊ दिवसांत त्याच गावात घरोघरी ज्या बायका पुरण वाटत असतात, त्यांच्या श्रमनिद्रेची तिथी मात्र पंचांगात सापडत नाही. उलट देवी निद्रिस्त झाली की कोजागरीच्या यात्रेसाठी सोलापूर आणि कर्नाटकाकडून पायी येणाऱ्यांची रीघ लागते आणि चुलीवरचे पातेले पुन्हा मोठे होते.

थकवा मोजण्याचे काम शासनानेही केले आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणात असे आढळले की, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे. पुरुषांचा आकडा वाचून क्षणभर आदर वाटतो. तो वाटून झाला की त्याच सर्वेक्षणातली पुढची ओळ वाचावी, जिच्यात घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचे प्रमाण २६.१ टक्के आणि स्त्रियांचे ८१.२ टक्के दिलेले आहे. म्हणजे ९७ मिनिटांची सरासरी ही केवळ हजर असलेल्यांची आहे, गैरहजर तीन चतुर्थांश तिच्यात धरलेले नाहीत. साधनांची यादी करताना पुस्तके वेळ, शक्ती, पैसा, कौशल्य यांच्या जोडीला कुटुंबातील मनुष्यबळ हेही एक साधन म्हणून नोंदवतात, आणि वापराविना पडून असलेले साधन शोधून ते उपयोगात आणावे असा दंडकही घालून देतात. सकाळी सात वाजता हॉलमध्ये वर्तमानपत्र वाचत बसलेले साधन याच व्याख्येत मोडते, परंतु प्रात्यक्षिकाच्या वहीत त्याची आकृती काढून भागांना नावे दिल्याचे आढळत नाही.

यास्तव मुंडेलच्या पाच वर्गांत सहावा वर्ग घालावा अशी सूचना येथे करणे क्रमप्राप्त आहे, आणि तो वर्ग म्हणजे काम करणारी व्यक्ती बदलणे. त्याचे प्रात्यक्षिक महाविद्यालयातील मुलीने सुट्टीत घरी करून पाहावे, साहित्य म्हणून एक धाकटा किंवा थोरला भाऊ घ्यावा, कृती वाटी-चमच्याच्या मापात लिहून द्यावी आणि कुकरच्या शिट्ट्या मोजण्याची जबाबदारी त्याच्याकडे सोपवून स्वतः स्वयंपाकघराबाहेर बसावे. निरीक्षणाच्या रकान्यात पहिल्या दिवशी ‘वरण करपले’ अशी नोंद होईल आणि आई तातडीने उठून पातेले हाती घेईल; तिला त्या क्षणी अडवणे हा प्रयोगातील सर्वांत कठीण टप्पा आहे. कोणतीही नवी पद्धत लागू करताना सुरुवातीला वेळ जास्त लागतो, नासधूस होते आणि सरावाने दोन्ही कमी होतात, हे कार्यसरलीकरणाच्या प्रकरणात स्पष्ट म्हटलेले आहे, आणि पोळी गोल येण्यासाठी मुलींना जितक्या वर्षांची मुदत आजवर दिली गेली तितकी मुदत भावालाही दिली, तर एका करपलेल्या पातेल्यावरून निष्कर्ष काढण्याची घाई करण्याचे कारण उरत नाही.